बांबू मोकळा झाला, बुरुडाचं काय?

सुपासाठी बुरूड बांबू निवडतो तो ओला, सरळसोट आणि लांब पेरांचा. कोवळ्या बांबूची कामटी वाळल्यावर आक्रसते, जून बांबूची काढतानाच तुटते. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, त्याच्या फाका करायच्या आणि पुन्हा त्या तासून पातळ कामट्या काढायच्या. बाहेरची हिरवी साल चिवट, आतला भाग ठिसूळ. म्हणून जिथे ताण येतो तिथे सालीकडची कामटी हवी. दोन कामट्या उचलायच्या, दोन दाबायच्या, पुढच्या ओळीत एक घर सरकायचं. या तिरप्या विणीतून तांदळाची कणीही गळत नाही. मग मागचे दोन कोपरे दुमडून तीन बाजू उभ्या करायच्या आणि काठाला जाड कांब आवळून बांधायची. हे सारं नजरेच्या मापाने होतं.

महाराष्ट्रात ही विद्या बुरूड समाजाने सांभाळली. बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभव मंटपात बसणारे शरण मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणत. बुरूड समाज त्यांना केतय्या स्वामी म्हणून पूजतो. कोकणात गौरीचा ओवसा सुपांवाचून होत नाही, लग्नातल्या ऐरणीदानाला वेळूचं पात्र लागतं, देवीच्या जोगव्याला परडी लागते. आपल्या धार्मिक विधींत ज्याच्या हातची वस्तू मानाने मांडली जाते, त्या कारागिराला मात्र गावाने मानाची जागा दिली नाही.

त्यात कच्च्या मालाची अडचण. 1927च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूची गणना झाडांत केली. त्यामुळे तो तोडायला आणि वाहून न्यायला परवाने आले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांकडे जात राहिला आणि त्याच जंगलाशेजारचा बुरूड सवलतीच्या बांबूसाठी वनखात्याच्या आगाराकडे डोळे लावून बसला.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती 2006च्या वनहक्क कायद्याने. त्यात बांबू गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखातं सोडेना. गावचे नेते देवाजी तोफा आणि ग्रामसभेने तो प्रश्न लावून धरला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे 2017 मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला.

कारागिरीच्या बाजूनेही कामं झाली. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारलं. तिथे कोरकू आदिवासींच्या हातून घरांपासून राख्यांपर्यंत सारं घडलं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सिंधुदुर्गातला माणगा हा बिनकाट्याचा, भरीव बांबू फर्निचरला उत्तम. कुडाळ परिसरात त्यावर चांगला उद्योग उभा राहिला आहे.

या साऱ्या घडामोडींत शहरातल्या बुरूड आळीतला कारागीर मात्र बाजूलाच राहिला. तो आजही व्यापाऱ्याकडून मिळेल तो बांबू घेतो आणि प्लास्टिकच्या टोपलीशी भावात झुंजतो. शिवाय वस्तू टिकवण्याचा प्रश्न आहेच: बांबूतल्या पिष्टावर घुण पोसतो. टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बांबू मुरवला तर त्याला आळा बसतो. पण त्यासाठी हौद आणि रसायनं एकट्या कुटुंबाला परवडत नाहीत. ग्रामसभांनी वय आणि पेर पाहून निवडलेला बांबू थेट बुरुडांच्या सहकारी संस्थांना विकावा आणि प्रत्येक बुरूड वस्तीत प्रक्रियेचा सामाईक हौद नगरपालिकेने बांधून द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

वाचकांनाही एक विनंती. या दिवाळीत बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील घ्या, घरात एक सूप, एक रोवळी आणा. आणि कारागीर सांगेल तो भाव घासाघीस न करता द्या, कारण त्या भावात त्याच्या दिवसभराच्या मजुरीचाच हिशेब असतो.