बॅकअप आहे, पण परत किती वेळात?

काही महिन्यांपूर्वी आमच्या रुग्णालयातील संगणक सकाळीच बंद पडले. एका आजींचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायचा होता आणि त्यांच्या मूत्रपिंडाचे ताजे रिपोर्ट संगणकात अडकले होते. ‘बॅकअप आहे, सर,’ तंत्रज्ञ म्हणाला. ‘चालू कधी होईल?’ याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. क्रिॲटिनिनची तपासणी पुन्हा केली. स्कॅनला संध्याकाळ झाली.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. एका सर्व्हरवरचा बॅकअप सुदैवाने शाबूत होता. तरीही नोंदणी, भरती, डिस्चार्ज ही कामे पुन्हा संगणकावर यायला सुमारे दोन आठवडे लागले.

एक गिगाबिट वेगाच्या नेटवर्कवरून एवढा डेटा नुसता कॉपी करायला हिशेबाने तीनच तास लागतात. मग वेळ जातो कुठे? हल्ल्यानंतर आधी सर्व्हर स्वच्छ करावे लागतात; जंतुसंसर्ग झालेल्या ऑपरेशन थिएटरमध्ये आपण शस्त्रक्रिया करत नाही, तसेच हे. पुढचा वेग बॅकअप कसा घेतला आहे यावर ठरतो. त्यात फक्त नोंदी उतरवून ठेवल्या असतील तर त्या पुन्हा भराव्या लागतात, शोधसूची नव्याने बांधावी लागते. मोठ्या डेटाबेसच्या फायलींचीच हुबेहूब प्रत असेल तर हे काम बरेच लवकर उरकते. पूर्ण बॅकअप महिन्यातून एकदाच आणि एरवी फक्त रोजचे बदल साठवले असतील, तर ते सारे बदल क्रमाने चढवत बसावे लागते. म्हणून पूर्ण बॅकअप वरचेवर घ्यावा. एकाच रांगेऐवजी अनेक रांगांनी डेटा भरला तरी वेळ वाचतो.

अपघात विभागात आम्ही गंभीर रुग्ण आधी पाहतो. इथेही तोच नियम हवा. भरती रुग्ण, त्यांची औषधे, ॲलर्जी, ताजे रिपोर्ट आधी. दहा वर्षांपूर्वीचे एक्स-रे सावकाश आले तरी चालतील. पण ही सोय डेटाबेसची रचना करतानाच करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची रंगीत तालीम. वर्षातून दोनदा तरी वेगळ्या सर्व्हरवर, घड्याळ लावून बॅकअप उतरवून पाहावा. मग ‘कधी?’ या प्रश्नाला तासांत उत्तर देता येते.

आणि तुम्ही? औषधांची यादी, ॲलर्जी आणि शेवटचे रिपोर्ट कागदावर जवळ ठेवा. वीज गेली तरी कागद वाचता येतो.