औषधनिर्माणशास्त्रातील संशोधन आणि आपली मुले

एरंडोलला शिकवताना मी वारंवार पाहतो : एम. फार्म. झालेला आपला मुलगा घरच्या कर्जापायी मेडिकल दुकानात उभा राहतो. पीएच.डी. हे पैसेवाल्यांचे काम, असा त्याचा समज. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर; हा समज मलाही होता. पण तो खरा नाही.

जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त महाविद्यालयात एम. फार्म.ला गेल्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पुढे पीएच.डी.साठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,०००, नंतर ४२,००० रुपये असा आहे. मेख पुढेच आहे. ही वृत्ती नेट परीक्षेवर मिळते आणि यूजीसीच्या नेटमध्ये औषधनिर्माणशास्त्र हा विषयच नाही. म्हणजे सीएसआयआर-नेट द्यायची, तीही जीवविज्ञान किंवा रसायनविज्ञान घेऊन. आपल्या मुलांना हे एम. फार्म. संपल्यावर कळते, कळायला हवे बी. फार्म.च्या वर्गातच. पुण्याच्या बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे, हेही सांगितले पाहिजे.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे. मात्र ज्याची खबरच पोहोचत नाही तो हक्क कागदावरच राहतो. ती खबर पोहोचवणे हे आपण शिक्षकांचे काम आहे.