पिकअपच्या डिफरन्शियलमधले तेल

पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल बसवलेला असतो. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट तिथे संपतो. त्याच्या टोकाचे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते आणि ताकद काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. ती तफावत आतले छोटे गियर सांभाळतात. या पेटीत सहसा ना पंप असतो, ना फिल्टर. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तो जे तेल उडवतो, त्यावरच पिनियनचे बेअरिंग जगते. सगळे मिळून दोनेक लिटर तेल. नेमके माप गाडीगणिक वेगळे.

या तेलाचे काम इंजिन ऑइलपेक्षा निराळे आहे. बहुतेक पिकअपमधले क्राऊन-पिनियन हायपॉइड पद्धतीचे असतात, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. ही रचना अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने 1920 च्या दशकात विकसित केली आणि पॅकार्ड मोटारींतून ती रस्त्यावर आली. तिच्यामुळे गियर मजबूत आणि कमी आवाजाचे झाले, पण दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, आडवे घासतही जातात. त्या दाबाखाली साध्या तेलाचा थर पिळून निघून जातो. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळतात. दात तापला की ती लोखंडाशी संयोग पावून एक पातळ साय धरतात. घर्षणात ती साय झिजते आणि धातू वाचतो. कॅनवरची ‘ईपी’ ही अक्षरे याच गुणाची, आणि ‘जीएल-5’ म्हणजे हायपॉइड गियरला पुरेल इतकी ही द्रव्ये त्यात आहेत, ही ग्वाही. डिफरन्शियलसाठी जीएल-5 हवे, तिथे तडजोड नको. गियरबॉक्समध्ये मात्र पितळी रिंगा असतात आणि गंधक पितळ खाते, म्हणून पुष्कळ गियरबॉक्सना जीएल-4 सांगितलेले असते. एकच कॅन दोन्हीकडे रिकामा करायची सवय महागात पडते.

नागपुरात गॅरेजमध्ये विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘नव्वद नंबर टाका ना भाऊ.’ हा नव्वद नंबर दाटपणाचा. शंभर अंश तापमानाला तेल 13.5 ते 18.5 सेंटीस्टोक्स या मर्यादेत राहिले, तर ते 90 दर्जाचे. इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे असल्याने गियरचे 90 आणि इंजिनाचे 40 किंवा 50 दाटपणाला जवळपास सारखेच असतात. 80डब्ल्यू-90 किंवा 75डब्ल्यू-90 अशा जोडीत डब्ल्यूचा आकडा थंडीचा. 80डब्ल्यू तेल उणे 26 अंशांपर्यंत आणि 75डब्ल्यू उणे 40 अंशांपर्यंत वाहते राहते.

इथेच नागपूरकराने थांबून विचार करावा. सिंथेटिक गियर ऑइलची सर्वात मोठी जाहिरात असते ती थंडीतल्या प्रवाहीपणाची, आणि ती बर्फाच्या देशांत खरीच आहे. नागपूरच्या हिवाळ्यात मात्र पारा उणे कधी जात नाही. इथे साधे 80डब्ल्यू पुरून उरते. या शहराचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, नवतप्याच्या होरपळत्या दिवसांत डांबर बुटाला चिकटते आणि सावनेर-पांढुर्णामार्गे मुलताईकडे निघालेली भरलेली पिकअप त्या रस्त्यावरून चढ चढत असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, मुलताई सुमारे 750 वर. बाहेरची हवाच तापलेली, त्यामुळे ॲक्सलची उष्णता जायला वाव कमी. साधे 80डब्ल्यू-90 चाळीस अंशांना जितके दाट असते, त्याच्या सुमारे दहावा हिस्सा दाटपणा शंभर अंशांना उरतो. शिवाय तेलाचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की ते खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

सिंथेटिकचा नागपुरातला खरा उपयोग इथे आहे. खनिज तेलात लहानमोठ्या, वेड्यावाकड्या रेणूंची सरमिसळ असते. पॉलिअल्फाओलेफिनसारख्या सिंथेटिक तेलाचे रेणू ठरवून बांधलेले असतात. म्हणून ते तापल्यावर कमी पातळ होते आणि हवेशी संयोग होऊन काळे, आंबूस व्हायला वेळ घेते. पण कॅनवर ‘सिंथेटिक’ लिहिलेले प्रत्येक तेल असे नसते. कच्च्या तेलावर खोल प्रक्रिया करून केलेल्या तेलांनाही हा शब्द लावला जातो. तीही वाईट नसतात, पण दर तपासून घ्यावा.

किंमत सहसा खनिज तेलाच्या दुप्पट-तिप्पट. कळमना मार्केट ते इतवारी अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीला वेळच्या वेळी बदललेले साधे ईपी 90 किंवा 80डब्ल्यू-90 पुरेसे आहे. तिथे सिंथेटिकवर खर्च करण्यापेक्षा मुदत पाळणे शहाणपणाचे. रोज भर उन्हात भरलेला माल घेऊन लांब जाणाऱ्या किंवा ट्रॉली ओढणाऱ्या गाडीला मात्र सिंथेटिक 75डब्ल्यू-90 फायद्याचे ठरते. जास्त दाट 140 घालावे, असा मोह मालकांना होतो. आवाज थोडा दबतो हे खरे, पण दाट तेल ढवळण्यात ताकद जाते, डिझेल वाढते आणि त्या ढवळण्यानेही उष्णता तयार होते. कंपनीच्या पुस्तिकेत 140 ला परवानगी असेल तरच ते घालावे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला पुढेही डिफरन्शियल असतो, त्याचे माप आणि कधी कधी तेलही वेगळे असते. आत क्लच असलेल्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलला त्यासाठीचेच तेल लागते, नाहीतर वळणावर मागून कुरकुर ऐकू येते.

पाण्यापुढे मात्र महागातले महाग तेलही टिकत नाही. ॲक्सलवर ब्रीदर नावाची छोटी नळी असते. तापलेला ॲक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि या नळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा चाके बुडालेल्या गाड्यांना हा धोका होता. प्लग उघडल्यावर तेल दुधाळ चहासारखे दिसले तर ते लगेच काढावे, मुदत बाकी असली तरी.

बदलताना आधी वरचा फिलर प्लग उघडून पाहावा, मग खालचा ड्रेन प्लग. वरचा गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडले, तर गाडी जागची हलवता येत नाही. तेल गरम असताना काढावे. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करडा, बारीक लेप दिसतो, तो नेहमीचा; बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर क्राऊन-पिनियन उघडून पाहायची वेळ आली. नवे तेल फिलरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंतच भरावे, तेही गाडी सपाट जागी उभी असताना. जास्त भरले तर फेस होऊन ते ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येते आणि थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते.