आदि-पॉलिनेशियन भाषेची पुनर्रचना : साम्य आणि नाते

मराठीचा पूर्वेतिहास अभ्यासताना संस्कृत-प्राकृत ग्रंथ आणि शिलालेख आपल्या हाताशी असतात. जेथे असा एकही प्राचीन लेख उपलब्ध नाही, तेथे पूर्वज भाषेचे रूप कसे ठरवावे? पॉलिनेशियन भाषांचा अभ्यास या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देतो. ऑस्ट्रोनेशियन कुलातील ओशनिक शाखेचे हे लहानसे उपकुल असून त्यात सुमारे ४० भाषा मोडतात. त्या मुख्यतः हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट यांमधील सागरी त्रिकोणात पसरल्या आहेत. त्यांची पूर्वज ‘आदि-पॉलिनेशियन’ भाषा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात टोंगा-सामोआ परिसरात बोलली जात असावी, असे मानले जाते.

१. नियमित ध्वनिसंबंध

पुढील तक्ता आडवा वाचा. (’ ही खूण श्वासद्वार क्षणभर मिटून होणाऱ्या स्फोटक ध्वनीची आहे.)

| अर्थ | टोंगन | सामोअन | माओरी | हवाईअन |
|---|---|---|---|---|
| मासा | इका | इ’आ | इका | इ’आ |
| मनुष्य | ताङाता | ताङाता | ताङाता | कानाका |
| दोन | उआ | लुआ | रुआ | लुआ |
| खाली | लालो | लालो | रारो | लालो |
| उलांडी | हामा | आमा | आमा | आमा |

‘दोन’ आणि ‘खाली’ या ओळींची तुलना करा. सामोअन, माओरी व हवाईअन या प्रत्येक भाषेत दोन्ही शब्दांत एकच ध्वनी आहे. टोंगनमध्ये मात्र एका शब्दात तो लोपला आहे, तर दुसऱ्यात ‘ल’ टिकला आहे. असा भेद इतर अनेक शब्दांतही नियमाने आढळतो. म्हणून पूर्वज भाषेत ‘र’ आणि ‘ल’ हे दोन स्वतंत्र ध्वनी मानावे लागतात आणि \*रुआ, \*लालो ही रूपे सिद्ध होतात. तारका हे रूप लिखित नसून अनुमानित असल्याचे दर्शविते. याच रीतीने टोंगनमधील ‘ह’च्या आधारे \*हामा हे रूप मिळते.

२. नाते कशावरून ठरते?

टोंगा आणि सामोआ शेजारी आहेत. हवाई हजारो किलोमीटर दूर आहे. तरीही सामोअन भाषा टोंगनपेक्षा हवाईअनला जवळची ठरते. ‘र’ व ‘ल’ यांचे एकरूप होणे आणि ‘ह’चा लोप हे दोन्ही बदल सामोअन, माओरी व हवाईअन या तिन्ही भाषांत आहेत. असे बदल समान नवनिर्मिती म्हणून ओळखले जातात. अँड्र्यू पॉली यांनी १९६६ साली रूपविचारातील समान नवनिर्मितींच्या आधारे या भाषांचे उपवर्गीकरण मांडले. त्यानुसार टोंगन आणि नियुएन या दोन भाषांची एक शाखा होते, उरलेल्या सर्व भाषांची दुसरी.

येथे दोन भ्रम टाळले पाहिजेत. पहिला : टोंगन व माओरीत ‘इका’ सारखाच आहे, पण ते जुन्या रूपाचे टिकून राहणे आहे, त्यावरून विशेष जवळीक सिद्ध होत नाही. दुसरा : सामोअन व हवाईअन या दोहोंत ‘क’चा ’ झाला, पण हा बदल स्वतंत्रपणे घडला. हवाईअनची जवळची नातलग माओरी ‘क’ राखून आहे, त्याअर्थी त्या दोघींच्या पूर्वज भाषेतही ‘क’ होताच.

बदलांचा क्रमही कळतो. हवाईअनमध्ये आधी ‘क’चा ’ झाला, मग ‘त’चा ‘क’. क्रम उलटा असता तर ‘कानाका’तील ‘क’सुद्धा लोपून ’ झाले असते.

३. शब्दांतून समाज

\*हामा म्हणजे होडीचा तोल सांभाळणारी उलांडी, \*तालो म्हणजे अळू. हे शब्द पूर्वज भाषेत होते, म्हणजे त्या लोकांना उलांडीची होडी आणि अळू ठाऊक होते. पुनर्रचना अशी इतिहासाचेही साधन बनते.

आपली प्रगती तपासा

मराठी व गुजरातीत नपुंसकलिंग टिकले आहे, हिंदीत ते नाही. एवढ्यावरून मराठी व गुजराती यांची एक उपशाखा मानता येईल काय? नवनिर्मिती आणि टिकून राहणे यांतील भेद लक्षात घेऊन उत्तर लिहा.