मल्लखांबाचे माहेरघर

2018 सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील नृत्याची सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके जिंकणाऱ्या जोड्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. तथापि दोघीही कॅनडातील माँट्रिअल येथील एकाच शाळेत तयार झाल्या होत्या. एखादी विद्या अशी एका अंगणात एकवटली, म्हणजे त्या शाळेचा गौरव होतो. पण ती शाळा उद्या दुबळी झाली तर त्या विद्येचे काय, ही चिंताही ओघानेच येते. आपल्या मल्लखांबाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबास ऊर्जितावस्था आणली. मुळात हा मल्लांच्या सरावाचा खांब. सागवानी किंवा शिसवी लाकडाच्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या या खांबाचे अंग, मान व बोंड असे तीन भाग असतात. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यास एरंडेल चोळतात. त्यामुळे पकड किंचित सैल पडली की खेळाडू खाली येतो. अशी विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. तिला गुरूची नजर व हाताचा आधार लागतो.

हा आधार पिढ्यान्‌पिढ्या देणारी संस्था म्हणजे मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर. काळे गुरुजींनी 1925 साली ते स्थापिले. तेथे उदय देशपांडे यांनी सुमारे 50 देशांतील 5000हून अधिक लोकांना मल्लखांब शिकविला. स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले व वृद्ध यांनाही त्यांनी या खेळाकडे आणले. 2019 साली शिवाजी पार्कवरच पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि 2024 साली देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली.

परंतु त्यांचे आणखी एक कार्य आहे, आणि भविष्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे वाटते. गुणदानाचे नियम निश्चित करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. नियम लेखी झाले, म्हणजे कोणत्याही गावच्या खेळाडूची पारख एकाच मापाने होते व विद्या एका आखाड्यात अडकून पडत नाही. मध्य प्रदेशाने 2013 साली मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. छत्तीसगडातील नारायणपूरच्या आदिवासी मुलांनी या कलेच्या बळावर 2023 साली दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या 37व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतही मल्लखांबाचा समावेश होता.

बर्फावरील नृत्यास खर्चिक हिमांगण लागते. मल्लखांबास एक खांब, खाली गादी आणि एक जाणता शिक्षक पुरतो. साखळीसारख्या गावातील शाळेलाही हे अशक्य नाही. वटवृक्षाची थोरवी त्याच्या पारंब्यांनी कळते. दादरच्या या शतायुषी संस्थेचे भवितव्यही तिने जिंकलेल्या पदकांपेक्षा, तिच्या शिष्यांनी गावोगावी रोवलेल्या खांबांवरच अधिक अवलंबून राहील.