महेश्वरचा वाडा, हॉटेल आणि हातमाग

शहादा-खेतियाच्या रस्त्याने मध्य प्रदेशात उतरून सेंधवा, धामनोद मागे टाकले की नर्मदाकाठी महेश्वर लागते. हीच नर्मदा पुढे आपल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सीमेवरून वाहते. १७६७ मध्ये कारभार हाती घेतलेल्या अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी. किल्ल्यातील त्यांची गादी सर्वांना पाहता येते; शेजारच्या निवासी भागात इंदूरच्या माजी महाराजांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी २००० साली हॉटेल सुरू केले. खोल्या मोजक्या, भाडे मात्र भारी!

व्यापारी बंधूंनी इथे एक क्रम ध्यानात घ्यावा. आधी माग आले, हॉटेल मागाहून. संस्थाने विलीन झाल्यावर महेश्वरी साडीचा धंदा बसला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर दांपत्याने रेहवा सोसायटी काढून किल्ल्यातच माग चालू केले. ताणा रेशमी, बाणा सुती, काठावर किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातील नक्षी. गावच्या विणकरांत अन्सारी-मोमीन घरेही आहेत. वीसएक वर्षांनी हॉटेल निघाले, तेव्हा पाहुण्याला दाखवायला माल तयार होता आणि तो विणणारा कारागीरही समोर होता. नुसती वास्तू पाहून पाहुणा फोटो काढतो, पैसे खर्च करतो तो मालावर.

आपल्या खानदेशात गढ्या आणि वाडे काय कमी आहेत? पण वारसांत वाटण्या झाल्या की सागाच्या तुळया, खांब, कोरीव चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात जातात. घनफुटाने एकदा पैसे मिळतात, व्यवहार संपतो. चालत्या वाड्याला मात्र सुतार, गवंडी, रंगारी कायम लागतात. अंडी, कोंबडी, भाजी, परीट रोजचेच.

प्रत्येक गढीचे हॉटेल होणार नाही, हेही खरे. चांगला रस्ता आणि पाणी हवे, शिवाय दोन-तीन वर्षे तोटा सोसणारा मालक हवा. कारागिरांची अडचण निराळी आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. तिला चुनाच लागतो. चुना मळून महिनोन्महिने धीराने काम करणारे हात आता थोडे उरले आहेत. घरात असा एखादा वडीलधारा गवंडी असेल तर पोराला आजच त्याच्या हाताखाली घाला. आणि हॉटेलला माल देणाऱ्यांनी उधारीची मुदत आधी कागदावर घ्यावी; मोठ्या दारातली उधारी लांबते.