परीक्षकाच्या टेबलावरून

परीक्षा संपल्या की विद्यार्थी गावी जातात आणि आम्हा प्राध्यापकांचे काम सुरू होते. एखाद्या महाविद्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबले मांडलेली असतात. दारातच मोबाइल जमा करून घेतात, हजेरीपटावर सही होते आणि पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येतो. केंद्रीय मूल्यमापनाचे हे ठिकाण, म्हणजे आमच्या बोलण्यातले 'कॅप'. उत्तरपत्रिकेवर ना नाव दिसते ना सीट नंबर. दिसतो तो फक्त बारकोड.

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षे कॅपला जातो. तिथे विद्यार्थ्याचा चेहरा कळत नाही, पण त्याने अभ्यास कसा केला हे मात्र पहिल्या दोन पानांतच कळते. कुणी फक्त वाचले, कुणी पाठ केले, कुणी स्वतःच्या हाताने लिहून पाहिले, सगळे कागदावर उमटलेले असते. विद्यार्थ्यांपर्यंत या हॉलमधल्या गोष्टी फारशा पोहोचत नाहीत, पोहोचतात त्या अफवा. म्हणून हे काही किस्से.

पाने मोजणारा परीक्षक

सर्वांत जुनी अफवा अशी की परीक्षक वाचत नाहीत, पाने मोजून मार्क देतात. म्हणून मुले पुरवण्यांवर पुरवण्या मागतात. प्रत्यक्षात काय घडते? तपासणीच्या सुरुवातीला त्या विषयाचे परीक्षक एकत्र बसतात. आदर्श उत्तरे वाचली जातात. व्याख्येला किती, स्पष्टीकरणाला किती, आकृतीला किती, हे ठरते. पुढे मॉडरेटर तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि गुणांत तफावत आढळली तर परीक्षकाला बोलावून विचारतो.

एकदा एका नवख्या परीक्षकाने १० गुणांच्या प्रश्नाला ९ गुण दिले होते. उत्तर चांगले लांबलचक. मॉडरेटर सरांनी शांतपणे सांगितले, "जरा मोठ्याने वाचा." वाचता वाचता त्या तरुण प्राध्यापकाच्याच लक्षात आले की तेच तीन मुद्दे शब्द बदलून पुन्हा पुन्हा आले आहेत. गुण ५ वर आले. त्याच गठ्ठ्यात दोन पानांचे एक उत्तर होते. मुद्द्यांना शीर्षके, मागणी-पुरवठ्याची आकृती, दोन्ही अक्षांना नावे, शेवटी एक उदाहरण. त्याला ८ मिळाले. ज्येष्ठ सहकारी एवढेच म्हणाले, "आपण मुद्दे मोजायला बसलोय."

तेव्हा मित्रांनो, उत्तर लिहिण्याआधी मुद्दे पेन्सिलीने कडेला लिहा. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करा, प्रश्न क्रमांक ठळक घाला. परीक्षक गुण कापायला टपलेला असतो हा समज सोडा. दिवसभर बसलेल्या माणसालाही स्वच्छ उत्तर दिसले की बरे वाटते, त्याला गुण देण्याची जागाच हवी असते. ती त्याला सहज सापडू द्या.

बँक आधी की राष्ट्रीयीकरण आधी?

एका वर्षी रिझर्व्ह बँकेवर प्रश्न होता. पहिल्या उत्तरपत्रिकेत स्थापनेचे वर्ष १९५३ लिहिलेले. चुकून आकडे उलटे पडले असतील, असे वाटले. दुसऱ्या उत्तरपत्रिकेतही १९५३. मग तिसऱ्यात, चौथ्यात तेच. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मान वर केली, "तुमच्याकडेही त्रेपन्न आहे का?" एका गाइडमध्ये छपाईची चूक राहिली होती आणि ती मुलांनी जशीच्या तशी उतरवली होती.

वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. बहुतेकांनी पुढच्याच ओळीत लिहिले होते की बँकेचे राष्ट्रीयीकरण १९४९ साली झाले. स्थापनेच्या आधी राष्ट्रीयीकरण! लिहिताना कुणाचेही पेन अडखळले नाही, कारण ती दोन वाक्ये पाठ होती, वाचलेली नव्हती. त्या सगळ्यांत एकाने १९५३ लिहून खोडले होते आणि वर १९३५ लिहिले होते. त्याला बहुधा पुढचे वर्ष लिहिताना विसंगती जाणवली असावी. वर्गातले वर्ष त्याला आठवलेही असेल. मला तो विद्यार्थी भेटला नाही, पण त्या एका खाडाखोडीतून त्याचा सगळा अभ्यास दिसला.

गाइड वापरू नका असे मी म्हणणार नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सत्राच्या अखेरीला किती गर्दी असते ते मी पाहतो. पण आधी पाठ्यपुस्तक वाचा आणि गाइड उजळणीला ठेवा. वर्षे पाठ करताना त्यांचा क्रम लावून पाहा: १९३५ ला बँक सुरू झाली, १९४७ ला देश स्वतंत्र झाला, १९४९ ला बँक सरकारच्या मालकीची झाली. अशी मांडलेली वर्षे ऐनवेळी दगा देत नाहीत.

कोरे राहिलेले शेवटचे पान

तपासताना सर्वांत जास्त हळहळ वाटते ती अर्ध्या सोडलेल्या उत्तरपत्रिकांची. पहिली दोन उत्तरे अप्रतिम, तिसरे बरे, चौथ्यात नुसते मुद्दे, आणि पाचव्याच्या जागी घाईघाईने लिहिलेले 'वेळ संपली'. पहिले उत्तर कितीही सुंदर असले तरी १० पैकी १२ देता येत नाहीत. न लिहिलेल्या उत्तराला मात्र शून्यच द्यावे लागते.

साधा हिशेब करा. १०० गुण आणि ३ तास म्हणजे १८० मिनिटे. प्रश्नपत्रिका वाचायला आणि शेवटी नजर फिरवायला मिळून २० मिनिटे बाजूला ठेवली तर १६० उरतात. म्हणजे १० गुणांच्या प्रश्नाला १६ मिनिटे. हा हिशेब सगळ्यांना तोंडी येतो, हाताला मात्र सवय नसते. सत्रभर मोबाइलवर पीडीएफ वाचायच्या आणि सलग तीन तास लिहायचे ते थेट परीक्षेच्या हॉलमध्ये, अशाने हात दुखणारच आणि वेळ पुरणार नाहीच. प्रत्येक विषयाची निदान एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरी पूर्ण सोडवा. पीएल लागण्याची वाट पाहू नका.

लाल पेनाची वही

आमच्या ग्रंथालयात एक मुलगी संध्याकाळी नेहमी खिडकीजवळ बसायची. तालुक्याच्या गावातून आलेली, पहिल्या सत्रात एका विषयात केटी लागलेली. तिसऱ्या वर्षी ती वर्गात पहिल्या काही जणांत होती. मी तिला वही दाखवायला सांगितली. डाव्या पानावर निळ्या पेनाने लिहिलेले उत्तर, मधूनच लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या. "सर, मी धडा एकदा वाचते, मग पुस्तक बंद करते आणि आठवेल तेवढं लिहिते. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरते. पुढच्या आठवड्यात फक्त लाल वाचते आणि परत लिहून बघते."

तिला हे कुणी शिकवले नव्हते, पण तिच्या पद्धतीला संशोधनाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के.

वर्षानुवर्षे कॅपला मला दिसते ते हेच. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'हे मला येतंय' असा विश्वास वाटतो. ओळखणे सोपे असते, आठवणे कठीण. परीक्षेत पुस्तक समोर नसते, म्हणून आठवण्याचाच सराव हवा. पानेच्या पाने हायलायटरने पिवळी करण्यापेक्षा बंद पुस्तकासमोरची वीस मिनिटे जास्त कामाची.

'सर, एक हिंट द्या ना!'

सत्र संपत आले की कॉरिडॉरमध्ये मुले घेरतात. "सर, आयएमपी सांगा. पेपर तुमच्याकडेच आहे ना?" त्यांना हे माहीत नसते की एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेचे एकाहून अधिक संच तयार होतात आणि सीलबंद पाकिटांतून त्यातला एक निवडला जातो. पेपर काढणाऱ्यालाही आपला संच निघणार की दुसऱ्याचा, हे ठाऊक नसते. एका सहकाऱ्याने एका घटकावर फार मन लावून प्रश्न काढला होता. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात आली तर ती भलत्याच संचाची! त्या घटकावर दोन ओळींची टीप तेवढी विचारलेली.

अभ्यासक्रमाच्या पत्रकात प्रत्येक घटकाला किती तासिका हे छापलेले असते. संच कुठलाही निघो, प्रश्न त्याच घटकांतून काढावे लागतात. ते पत्रक सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मिळवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. घटक ऑप्शनला टाकण्याआधी त्याच्या तासिका किती ते पाहा.

उत्तराऐवजी चिठ्ठी

काही उत्तरपत्रिकांत उत्तराऐवजी विनवणी असते: 'घरी लग्न ठरलंय, पास करा.' क्वचित नोटही चिकटवलेली असते. ही प्रकरणे गैरप्रकार म्हणून पुढे पाठवावी लागतात, तिथे परीक्षकाच्या दयेला जागा नसते. एकदा मात्र एका मुलाने कसलीही मागणी न करता लिहिले होते की तो रात्रपाळी करतो, वडील आजारी आहेत, या विषयाला वेळ देता आला नाही, क्षमा असावी. टेबलावरच्या सगळ्यांनी ते वाचले. गुण देता आले नाहीत. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणाले, "हे त्याने ऑगस्टमध्ये आपल्याला सांगायला हवं होतं."

खरे आहे ते. सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांना भेटलात तर बरेच काही करता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतून आलेली 'कमवा आणि शिका' योजना, शिष्यवृत्ती, ग्रंथालयातून जास्त दिवसांसाठी पुस्तके, इंटर्नलच्या वेळेत सवलत. यासाठी मागायला लाजायचे नसते. शिक्षकाला तुमची अडचण बारकोडमधून कळत नाही.

निकाल अनपेक्षित लागला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. गुण वाढले नाहीत तरी स्वतःची उत्तरे स्वतः वाचा. आपण नेमके कुठे थांबतो, काय गाळतो हे तुमचे तुम्हालाच दिसेल आणि त्याहून चांगला मार्गदर्शक मिळणार नाही.

या सगळ्या किस्स्यांतून मला एकच सांगायचे आहे: अभ्यास म्हणजे किती वाचले ते नव्हे, पुस्तक मिटल्यावर किती लिहिता येते ते. आज झालेल्या तासाचे पुस्तक आज रात्री मिटा, एक कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. रोज एकाच विषयाचे लिहिलेत तरी चालेल, पण उद्यापासून नको, आजपासूनच लिहा.